कॅल्साइटचे नमुने आणि त्यांचे आकार: बेळगाव सीमाभागातल्या संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, गोकाक या पट्ट्यातली मराठी मंडळी कॅल्साइटबद्दल, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाबद्दल, जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची ही उत्तरं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गल्लत तिथेच होते. काही दोन ओळींत आटोपली आहेत, कारण त्याहून जास्त सांगण्यासारखं तिथे काही नाही.

विहीर खोदताना पांढरा, चमकणारा दगड निघाला. गारगोटी की कॅल्साइट?

फुटक्या बाटलीचा तुकडा घ्या आणि दगडाची अणकुचीदार कड त्यावर जोर देऊन ओढा. काचेवर ओरखडा उमटला तर गारगोटी. नाही उमटला तर लोखंडी खिळा त्या दगडावर ओढा. कॅल्साइटवर चरा सहज पडतो आणि पांढरी भुकटी निघते. नखाने मात्र त्यावर ओरखडा पडत नाही. नखाने पडला तर तो जिप्सम असण्याची शक्यता मोठी. मोहच्या मापावर (खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी पट्टी) गारगोटीची कठिनता ७, कॅल्साइटची ३, नखाची साधारण अडीच आणि खिळ्याची पाचच्या आसपास, म्हणून या साध्या वस्तूंवर काम भागतं.

फुटलेली बाजूही बघा. गारगोटी काचेसारखी वाकडीतिकडी, वक्र फुटते. कॅल्साइट सपाट, आरशासारख्या पृष्ठांवर फुटतो आणि मोठा तुकडा उन्हात फिरवला की एका वेळी अख्खा पृष्ठभाग लखकन चमकतो.

हातात तोलून ओळखतो म्हणणारे प्रत्येक गावात असतात. कॅल्साइटचं विशिष्ट गुरुत्व २.७१ आणि गारगोटीचं २.६५. एवढा फरक हाताला कळणारा माणूस मला अजून भेटायचाय.

ॲसिडची परीक्षा घरी करता येते का?

येते, आणि बहुतेक वेळा ॲसिडची बाटली उघडायचीही गरज नसते. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर पुरतं. नमुन्याच्या मागच्या बाजूला खिळ्याने थोडी भुकटी खरवडा, त्यावर थेंब टाका आणि भिंगातून बघा. कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड. लिंबाच्या रसानेही हेच होतं, फक्त सावकाश.

बाथरूमचं ॲसिड वापरायचंच असेल तर ते पाण्यात ओतून भरपूर पातळ करा. ॲसिडात पाणी ओतू नका. हे काम घराबाहेर करा, चष्मा लावा, मुलांच्या हातात बाटली देऊ नका. पातळ, थंड हायड्रोक्लोरिक ॲसिडात कॅल्साइट जोरात फसफसतो. डोलोमाइटचा (मॅग्नेशियमही असलेलं भाऊबंद खनिज) अखंड तुकडा जेमतेम बुडबुडे देतो, भुकटी केली तर बरे देतो. रामदुर्ग, लोकापूर, मुधोळ या बाजूला फिरणार असाल तर हा फरक नीट पाठ करा, कारण तिकडे चुनखडक आणि डोलोमाइट शेजारी शेजारी सापडतात.

थेंब कधीही चांगल्या, वाढलेल्या पृष्ठावर टाकू नका. जिथे पडतो तिथली चकाकी जाते आणि ती परत येत नाही. घरातल्या शहाबादी फरशीवर किंवा कडप्प्याच्या ओट्यावर चिरलेलं लिंबू रात्रभर राहिलं की जो फिकट डाग उरतो, त्याचं कारण हेच. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडक, म्हणजे मुख्यतः बारीक कणांचा कॅल्साइटच.

फसफसला म्हणजे स्फटिक मिळाला, असंही समजू नका. काळ्या रानातला चुनखडीचा गोटा फसफसतो, सिमेंटचा ढेपूळही फसफसतो.

आपल्या भागात कॅल्साइट नेमका कुठे बघायचा?

बेळगाव जिल्ह्याचा नकाशा खडकांच्या दृष्टीने तीन तुकड्यांत पाहिला तर बरीच पायपीट वाचते.

निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी हा उत्तरेचा भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. लाव्हा थंड झाल्यावर पुढे दीर्घ काळ खडकातून पाणी झिरपत राहिलं, त्यात विरघळलेली द्रव्यं या पोकळ्यांत साचली आणि त्यांचेच गारगोटी, झिओलाइट (स्टिल्बाइटसारख्या खनिजांचा गट) आणि कॅल्साइट झाले. थराचा मधला भाग मात्र घट्ट, पोकळ्या नसलेला असतो. क्रशरवाल्याला खडीसाठी हवा असतो तो हाच घट्ट दगड, सच्छिद्र दगड त्याच्या दृष्टीने टाकाऊ. त्यामुळे खाणीच्या तोंडाशी उभं राहून उंच भिंतीकडे बघण्यापेक्षा बाजूला टाकलेल्या ढिगाऱ्यावर तास घालवलेला बरा. विहिरीच्या काठावरच्या जुन्या ढिगाऱ्यालाही हेच लागू.

रामदुर्ग आणि त्याला लागून बागलकोट जिल्ह्यातला लोकापूर, मुधोळ हा भाग कलादगी खडकांचा. हे खडक बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने. यातल्या चुनखडकाला तडे गेले आणि त्यांत पांढऱ्या कॅल्साइटच्या शिरा भरल्या. बहुतेक शिरा गच्च भरलेल्या असतात. स्फटिकाला वाढायला मोकळी जागाच नाही, म्हणून आकार दिसत नाही, नुसतं पाटन, म्हणजे सपाट फुटलेली पृष्ठं, दिसतं. शीर जिथे फुगली आहे आणि मध्ये पोकळी राहिली आहे, तेवढीच जागा आपल्या कामाची.

गोकाकच्या धबधब्याखाली मात्र शोधत बसू नका. तोही कलादगी गटातला, पण तो कडा वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइटचा आहे. भजी खायला जा, पाणी बघा आणि परत या.

खानापूर आणि घाटमाथ्याकडे जांभा. धो धो पावसाने चुना आणि सिलिका कधीच धुऊन नेलेली असते, त्यामुळे जांभ्यात कॅल्साइटची अपेक्षा धरू नये. जांभ्याच्या खाली खोल विहिरीत बेसाल्ट लागला तर गोष्ट वेगळी.

आणि एक स्पष्ट सांगतो. जळगाव, नाशिक किंवा पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींची ख्याती आपल्या भागाला नाही. त्या तोडीचा नमुना इथे रोज हाती लागत नाही. पण आपल्या तालुक्यातला, जागेची पक्की नोंद असलेला साधा नमुना मी बाजारातून आणलेल्या बिननावाच्या झगमगाटापेक्षा वरचा धरतो.

दगड फोडला की दर वेळी तिरपे चौकोनी तुकडे निघतात. हाच कॅल्साइटचा स्फटिक ना?

नाही. या छंदातली सगळ्यांत मोठी गल्लत हीच.

कॅल्साइटच्या आतल्या रचनेत तीन दिशा अशा आहेत, की त्यांना समांतर तो अगदी सहज फुटतो. याला पाटन म्हणतात. तीनही दिशा एकमेकींना काटकोनात नसल्यामुळे फुटलेला तुकडा बाजूने दाबून तिरकी केलेली काडेपेटी असावी तसा दिसतो. याला रॉम्ब म्हणतात. कंपासपेटीतला कोनमापक त्याच्या एका पृष्ठावर ठेवून बघा. मोठा कोन सुमारे १०२ अंश आणि लहान सुमारे ७८ भरतो. निपाणीचा असो की आइसलंडचा, कोन तेच. त्या तुकड्याचा आणखी तुकडा केलात तरी तेच.

पण हा आकार फुटण्यातून आला. स्फटिक पोकळीत वाढत असताना त्याने घेतलेला आकार ही निराळी गोष्ट. तो दात असेल, खिळ्याचं डोकं असेल, षटकोनी चकती असेल. त्यातला कुठलाही हातोडीने फोडा, आतून हाच रॉम्ब निघेल. रेने-ज्युस्त आउई नावाच्या फ्रेंच पाद्र्याबद्दल गोष्ट सांगतात, की त्याच्या हातून एक कॅल्साइट पडून फुटला आणि बाहेरचा आकार वेगळा असूनही आत तोच रॉम्ब पाहून त्याला स्फटिकांच्या रचनेचं सूत्र सुचलं. गोष्ट कितपत सजवलेली आहे कोण जाणे, पण १७८४ साली त्याने मांडलेल्या सिद्धांताचा पाया हाच होता: समान आकाराचे बारीक घटक एकावर एक रचत गेलं की निरनिराळे बाह्य आकार तयार होतात.

मग हातातलं पृष्ठ वाढलेलं की फुटलेलं, हे कसं ओळखायचं? फुटलेलं पृष्ठ ताजं, अति गुळगुळीत असतं, त्यावर पायऱ्या असतात आणि आत इंद्रधनुषी रंगाच्या चिरा दिसतात. वाढलेल्या पृष्ठावर भिंगातून बारीक रेघा, उंचवटे, कधी त्रिकोणी नक्षी दिसते. चकाकी किंचित मंद असते. त्या पृष्ठावर दुसऱ्या खनिजाचे बारीक स्फटिक येऊन बसलेले दिसले तर वादच मिटला. ते फुटल्यानंतर येऊन बसलेले नाहीत.

दुकानात "कॅल्साइट क्रिस्टल" म्हणून स्वच्छ पिवळे किंवा गुलाबी रॉम्ब विकतात, ते बहुतेक फोडून काढलेले असतात. घ्या, हरकत नाही. फक्त तो स्फटिकाचा आकार म्हणून वहीत नोंदवू नका.

मग वाढलेल्या स्फटिकाचे आकार कोणते, आणि ते ओळखायचे कसे?

पुस्तकात ३००हून जास्त फलकरूपं, म्हणजे वाढलेल्या पृष्ठांचे मूळ संच, नोंदलेली आहेत आणि त्यांच्या जोडण्या त्याहून किती तरी. घाबरू नका. चार ओळखता आली की आपल्याकडचे बहुतेक नमुने उलगडतात.

आधी स्फटिकाचा उभा अक्ष शोधा. कॅल्साइटला एक मुख्य अक्ष असतो आणि त्याभोवती एकतृतीयांश फेरी फिरवलं की आकार स्वतःशी जुळतो. हा अक्ष उभा धरा आणि टोकाकडून खाली बघा.

टोकाला तीन पृष्ठं एकत्र येत असतील तर रॉम्बोहेड्रॉन. एकूण सहा पृष्ठं, वर तीन आणि खाली तीन, खालची तीन वरच्यांच्या मधल्या जागेत आलेली. हा चपटा असू शकतो, उंच टोकदार असू शकतो आणि काही वेळा इतका घनासारखा दिसतो की लोक त्याला फ्लुओराइट म्हणून मोकळे होतात.

टोकाला सहा पृष्ठं येत असतील तर बहुधा स्केलेनोहेड्रॉन. एकूण बारा पृष्ठं, प्रत्येक पृष्ठ म्हणजे तीनही बाजू असमान असलेला त्रिकोण. संग्राहक याला डॉगटूथ म्हणतात. याची खूण कमरेत: वरचा आणि खालचा भाग जिथे भेटतात तिथली कड सरळ न जाता वरखाली नागमोडी जाते. टोकाकडून उतरणाऱ्या सहा कडा बोटाने चाचपा. एक धारदार, एक बोथट, पुन्हा एक धारदार अशा आलटून पालटून लागतात. सहाही सारख्या लागल्या तर पुन्हा बघा, गारगोटी तर नाही ना. सर्वसाधारण डॉगटूथमध्ये कमरेची ती नागमोडी कड आतल्या पाटनाच्या रॉम्बच्या कडांना समांतर जाते. टोक तुटलेल्या नमुन्यात हे डोळ्यांनी पडताळता येतं आणि एकदा पडताळलं की पाटन आणि आकार यांचं नातं कायमचं डोक्यात बसतं.

बाजू उभ्या, सहा आणि एकमेकींना समांतर असतील तर प्रिझम. एकटा प्रिझम स्फटिक बंद करू शकत नाही, त्याला वर काहीतरी झाकण लागतं. झाकण चपट्या रॉम्बोहेड्रॉनचं असेल तर नेलहेड. झाकण अगदी सपाट असेल तर तो चौथा प्रकार, आधारफलक. प्रिझम बुटका आणि माथा सपाट असला की षटकोनी चकत्या दिसतात.

प्रत्यक्षात शुद्ध एकच आकार क्वचितच मिळतो. डॉगटूथच्या टोकावर छोटा रॉम्बोहेड्रॉन बसलेला, कमरेला प्रिझमची अरुंद पट्टी, असं मिश्रण असतं. अशा वेळी मोबाइलचा फोटो काढून समाधान मानू नका. पेन्सिलने वरून एक आणि बाजूने एक असं चित्र काढा. चित्र कितीही वेडंवाकडं आलं तरी चालेल, कारण ते काढताना प्रत्येक कड मोजावीच लागते.

एकाच खनिजाचे इतके आकार का?

कारण कुठली पृष्ठं टिकतात हे वाढीच्या वेगावर ठरतं. जी पृष्ठं भरभर वाढतात ती लहान होत होत नाहीशी होतात आणि सावकाश वाढणारी मोठी होऊन उरतात. हा वेग पाण्याचं तापमान, त्यात किती कॅल्शियम कार्बोनेट आहे, मॅग्नेशियमसारखी कोणती परकी द्रव्यं मिसळली आहेत, अशा गोष्टींनी बदलतो. त्यामुळे एकाच पोकळीत दोन पिढ्या दिसू शकतात: आधीचा डॉगटूथ आणि त्याच्यावर नंतर आलेले चपटे रॉम्बोहेड्रॉन. स्वच्छ स्फटिकात आत जुन्या आकाराची धूसर रेषा दिसली तर ती वाढीची पायरी समजा. अशा नमुन्याला मी दोन बक्षिसं देईन.

आकारावरून "हा अमुक अंश तापमानाला वाढला" असं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एवढं सरळ ते नसतं.

जुळे स्फटिक म्हणजे दोन चिकटलेले स्फटिक का?

नुसते चिकटलेले नव्हेत. जुळ्यात दोन भागांची दिशा ठरावीक नियमाने एकमेकांशी बांधलेली असते. कॅल्साइटमध्ये असे चार मुख्य नियम आहेत. त्यातला ओळखायला सोपा म्हणजे आधारफलकाला समांतर जुळणी: डॉगटूथचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याचं आरशातलं प्रतिबिंब वाटतो. नेहमीची नागमोडी कड तिथे दिसत नाही आणि कमरेपाशी आत वळलेली खाच दिसू शकते. दुसऱ्या काही नियमांनी हृदयासारखे किंवा फुलपाखरासारखे आकार होतात. बाजारात त्यांना भाव जास्त, म्हणून गोंदाने चिकटवलेले "जुळे"ही मिळतात. सांध्यावर भिंग धरा. गोंदाची रेघ आणि अडकलेला बुडबुडा लपत नाही.

पाटनाच्या रॉम्बवर बारीक समांतर पट्ट्या दिसतात, त्याही पुष्कळदा जुळेपणाच्याच, पण खडकावर नंतर पडलेल्या दाबाने आलेल्या. स्वच्छ रॉम्बच्या बोथट कडेवर चाकूचं पातं योग्य दिशेने सावकाश दाबलं तर न फुटता तो भाग सरकून जुळा होतो, हा जुना प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. स्वस्त तुकड्यावर करून बघा, बोटं सांभाळून.

वर्तमानपत्रावर ठेवला की अक्षरं दोन दिसतात, असं ऐकलं. खरं का?

खरं, पण तुकडा स्वच्छ पाहिजे. कॅल्साइटमधून जाताना प्रकाशाचा किरण दोन वेगळ्या वेगांनी जाणाऱ्या किरणांत विभागतो. दोन अपवर्तनांक १.६५८ आणि १.४८६. एवढा मोठा फरक खनिजांत सहसा नसतो. एक सेंटिमीटर जाड रॉम्बमधून दोन प्रतिमांमध्ये साधारण एक मिलिमीटरभर अंतर पडतं. कागदावर पेनाने एकच ठिपका काढा, त्यावर रॉम्ब ठेवून सावकाश फिरवा. एक ठिपका जागचा हलत नाही, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. पोलराइड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवलात तर आळीपाळीने एकेक ठिपका नाहीसा होतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात याहून स्वस्त आणि याहून अचंबित करणारा प्रयोग मला माहीत नाही.

डेन्मार्कच्या राझमुस बार्थोलिनने १६६९ मध्ये आइसलंडच्या स्वच्छ कॅल्साइटवर हे नोंदवलं. एडिंबरोच्या विल्यम निकोलने १८२८ मध्ये कॅल्साइटचे दोन तुकडे जोडून ध्रुवित प्रकाश देणारा प्रिझम बनवला आणि पुढे दीर्घ काळ खडक तपासायचे सूक्ष्मदर्शक त्यावरच चालले.

आपल्याकडचा बहुतेक कॅल्साइट दुधी असतो, त्यातून अक्षरं दिसतच नाहीत. म्हणून तो कॅल्साइट नाही असं होत नाही.

रंगावरून प्रकार ठरतो का?

नाही. शुद्ध कॅल्साइट बिनरंगी. मँगनीजने गुलाबी होऊ शकतो, लोहाच्या संयुगांनी पिवळा, तपकिरी. काळ्या दगडातल्या पोकळ्यांत मधासारखा पिवळा मिळतो, तो देखणा असतो. रंग वहीत लिहा, पण शेवटच्या रकान्यात.

काळ्या दगडाच्या पोकळीत कॅल्साइटसोबत आणखी काय काय असतं?

पोकळीच्या भिंतीला हिरवट मऊ लेप असेल तर तो बहुधा सेलाडोनाइट. बाकीच्यांत नेहमी गोंधळ होतो तो असा:

स्टिल्बाइट मोत्यासारखी चमक असलेल्या, कणसाच्या पेंढीसारख्या मधे बांधलेल्या आणि टोकांना पसरलेल्या झुबक्यांत येतो. ह्यूलँडाइट जाडसर, शवपेटीच्या आकाराचा, तीच मोतिया चमक. अपोफिलाइट चौकोनी, टोकदार किंवा सपाट माथ्याचा असतो, माथ्याला समांतर एकाच दिशेने फुटतो आणि त्या फुटीवर मोत्याचा तजेला दिसतो. त्याचा नवखा संग्राहक हमखास कॅल्साइट करतो. थेंब टाकून बघा: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांतलं कुणीच फसफसत नाही.

अरॅगोनाइट मात्र फसफसतो, कारण द्रव्य तेच, रचना वेगळी. तो थोडा कठीण, ३.५ ते ४, आणि थोडा जड, २.९४. सुईसारख्या किरणांच्या झुबक्यांत येतो आणि फोडला तर रॉम्ब निघत नाहीत. इथे पाटनाची ओळख कामी येते.

कोण आधी आणि कोण नंतर वाढलं, हे बघायची सवय लावा. जो दुसऱ्याच्या अंगावर बसला आहे, तो नंतरचा. बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट पुष्कळदा उशिरा आलेला दिसतो, कधी दोनदाही येतो.

अथणी, रायबागच्या काळ्या रानात नांगराला लागणारे पांढरे गोटे स्फटिक आहेत का?

ती चुनखडी. पाणी मातीतून वर खेचलं जाऊन आटतं आणि चुना गाठींच्या रूपात साचतो. द्रव्य कॅल्साइटच, पण कण इतके बारीक की आकार दिसत नाही. पूर्वी हेच गोटे भट्टीत भाजून चुना करत. एखादा कापून, घासून ठेवा. एक पुरे.

गीझरमध्ये जमणारा पांढरा थर हाही कॅल्साइट का?

बोअरचं पाणी असेल तर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, कॅल्साइट किंवा अरॅगोनाइट रूपात. बहुतेक क्षार तापवल्यावर जास्त विरघळतात. हा उलटा वागतो, पाणी तापलं की बाहेर पडतो.

गुहेतला घेतला तर?

घेऊ नका. भीमगड अभयारण्य परिसरातल्या बारापेडे गुहा राटनच्या दुर्मिळ वटवाघळासाठी ओळखल्या जातात. तिथे परवानगीशिवाय शिरणंही गैर. अभयारण्यातून आणि राखीव जंगलातून खडाही उचलायचा नाही. गुहेतला लवणस्तंभ एकदा तोडला की आपल्या नातवंडांच्या हयातीतही तो परत वाढत नाही.

गोळा करायला परवाना लागतो का?

केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने कॅल्साइट गौण खनिजांच्या यादीत गेला, म्हणजे त्याच्या खाणकामाचे नियम राज्य करतं. विकण्यासाठी खोदकाम करायचं तर कर्नाटकच्या खाण व भूविज्ञान खात्याची परवानगी लागते. ढिगाऱ्यावरून एखाददुसरा तुकडा उचलायचा असेल तर आधी जमीनमालकाचा किंवा खाणमालकाचा होकार घ्या. पोती भरायला लागलात की तो छंद राहत नाही.

पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कापलेल्या दरडी, विशेषतः तवंदी घाटातल्या, बघून हात शिवशिवतात. तिथे गाडी उभी करून हातोडी चालवू नका. मागून येणारा ट्रक तुमचा छंद विचारत नाही.

खाणीवर गेल्यावर बोलायचं कसं आणि सांभाळायचं काय?

आधी मुकादमाला भेटा. पुष्कळ ठिकाणी कामगार कन्नड बोलणारे असतात. "अण्णा, बिळी कल्लु ऐतेन्री?" (पांढरा दगड आहे का?) एवढं विचारलं तरी चेहरे सैल होतात आणि कुणीतरी ढिगाऱ्यामागे नेऊन दाखवतं. मराठीत बोलणाऱ्याला "मामा" म्हणा. चहाचे पैसे द्या, पण दगडाच्या मापाने नको. एकदा भाव ठरला की मजूर सुरुंगाच्या भिंतीवर चढून तुमच्यासाठी दगड काढायला लागतात आणि जिवाशी खेळ होतो.

सुरुंग उडवण्याची वेळ विचारून घ्या आणि त्या वेळी खाणीत थांबू नका. नुकत्याच उडवलेल्या कड्याखाली जाऊ नका. वायरचा तुकडा, न उडालेली केप (सुरुंग पेटवणारी नळी) किंवा जिलेटिनची कांडी दिसली तर हात न लावता मुकादमाला सांगा. दगड पालथा करताना त्याची पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं असेल तर वाट त्याला पलीकडची मिळेल.

हत्यारं कोणती?

दोन हातोड्या, एक जड आणि एक हलकी. दोन छिन्न्या, चष्मा, हातमोजे, १० पट भिंग, जुनी वर्तमानपत्रं, टिश्यू पेपर. पहार गाडीत असू द्या.

कॅल्साइट थेट छिन्नीने काढायला जाल तर पाटनावर उडतो. आजूबाजूचा काळा दगड लांबून, थोडा थोडा फोडा आणि दगडासकट नमुना उचला. मूळ खडक पायाला असलेला नमुना सुट्या स्फटिकापेक्षा जास्त सांगतो. हात भरून येत असेल तर तिथेच सोडा, दुसऱ्या दिवशी जा.

घरी आणल्यावर साफ कसा करायचा?

साधं पाणी, मऊ दातांचा ब्रश, थोडा भांड्यांचा साबण. बस.

चिंच, लिंबू, कोकम, पितळ घासायची कुठलीही आंबट पूड, बाथरूमचं ॲसिड यांतलं काही नको. लोखंडी डाग काढायला काही जण ऑक्झॅलिक ॲसिड सुचवतात. ते गारगोटीला चालतं, कॅल्साइटला नाही, पृष्ठ पांढुरकं पडतं. गरम पाणीही टाळा. तापवल्यावर कॅल्साइट उभ्या अक्षाच्या दिशेने फुगतो आणि आडवा किंचित आकसतो, या ओढाताणीत पाटनावर चिरा पडतात. उन्हात तापलेला नमुना थंड पाण्यात बुडवणं म्हणजे हातोडी मारण्यातला प्रकार.

सोबत सुईसारखे झिओलाइट असतील तर ब्रशही नको. आणि कापूस मुळीच गुंडाळू नका, त्याचे तंतू सुयांत अडकतात आणि काढताना सुया मोडतात.

चिठ्ठीवर काय लिहायचं?

गाव, तालुका, जिल्हा, राज्य. विहीर की खाण की ओढा. किती खोलीवर, कोणत्या खडकात. सोबतची खनिजं. तारीख. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. नमुन्याच्या मागे पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहा, तोच क्रमांक वहीत. चिठ्ठी हरवते, ठिपका हरवत नाही.

जुना नमुना विकत किंवा भेट मिळाला तर त्यावरचं नाव जसंच्या तसं ठेवा आणि खाली आजचं नाव लिहा. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी, विजापूरचं विजयपूर, गुलबर्ग्याचं कलबुर्गी. बागलकोट जिल्हा १९९७ मध्ये विजापूरपासून वेगळा झाला, म्हणून जुन्या चिठ्ठीवर "कलादगी, विजापूर जिल्हा" असेल तर ती चूक नव्हे. बेळगाव-विजापूरकडच्या १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या चिठ्ठीवर बहुधा मुंबई राज्य किंवा त्याआधीचा मुंबई इलाखा असेल. जुनी चिठ्ठी फेकून नवी लावणाऱ्याने नमुन्याचा अर्धा इतिहास फेकलेला असतो.

विकला तर किती येतील?

सुट्या पाटन-तुकड्याला नगण्य. अखंड टोकं, स्वच्छ आकार, मूळ खडकावर बसलेला आणि जागेची खात्री असलेला नमुना असेल तर बरे. टोकाला लहानसा टवका उडाला तरी भाव निम्म्याने पडतो. "हिरा सापडला" म्हणून सराफाकडे नेणारे दरवर्षी भेटतात. त्यांना काचेची परीक्षा आधी सांगा, सराफाचा वेळ वाचेल.

घरात ठेवल्याने ऊर्जा, शांती वगैरे मिळते का?

धूळ बसते. दर महिन्याला फुंकर मारावी लागते.

नोटा तपासायच्या दिव्याखाली चमकतो का?

कधी कधी. मँगनीज आणि त्याला साथ देणारं दुसरं द्रव्य, जसं शिसं, योग्य प्रमाणात असेल तर लाल-गुलाबी चमक येते, पण ती बहुधा लघुलहरी अतिनील दिव्याखाली. दुकानातला नोटांचा दिवा दीर्घलहरी असतो, त्याखाली काही नमुने फिकट दुधी किंवा पिवळसर दिसतात, काही काहीच करत नाहीत. चमकला नाही म्हणून नाराज होऊ नका. लघुलहरी दिव्याकडे थेट बघू नका, डोळ्यांना इजा होते.

चांगले नमुने बघायला कुठे जाऊ?

सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघाच, दख्खनच्या पोकळ्यांतली खनिजं एका ठिकाणी पाहायला मिळतात. तिथे कॅल्साइटच्या प्रत्येक नमुन्यासमोर उभं राहून टोकाला किती पृष्ठं येतात ते मोजा. मुलं सोबत असतील तर पैज लावा.

मित्राला कुरिअरने नमुना पाठवायचाय. पोचेल का?

पोचेल, पण दोन डब्यांत घाला. आतल्या लहान डब्यात टिश्यू पेपर इतका दाबून भरा, की हलवल्यावर आवाज येऊ नये. स्फटिकाच्या टोकांवर दाब येत असेल तर टोकांभोवती कागदाचं कडं करून त्यांना अधांतरी ठेवा आणि वजन मूळ खडकावर येऊ द्या. तो डबा मोठ्या डब्यात, चारही बाजूंनी दोन-तीन बोटं वर्तमानपत्राचा थर देऊन. चिठ्ठीची प्रत आतल्या डब्यात आणि एक फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये. पार्सलवर "क्रिस्टल" किंवा "रत्न" लिहू नका, वाटेत फोडून बघतात. "शैक्षणिक खडक नमुना, नाजूक" एवढं पुरे. आणि मित्राला सांगून ठेवा, उघडल्यावर पहिली टिचकी मारून बघायची नाही.